पाय जोडला, पोटाचं काय?

कुत्र्याच्या मोडलेल्या पायावर शस्त्रक्रिया झाली की घरात सगळी चर्चा हाडाची होते. रॉड टाकला की प्लेट बसवली, टाके कधी निघणार, पाय कधी टेकेल, पुन्हा एक्स-रे कधी काढायचा. घरी आणलेल्या कुत्र्याने चार दिवस शी केली नाही, किंवा केली ती पाण्यासारखी पातळ, ही गोष्ट मात्र किरकोळ समजली जाते. गाडीत हेलकावे बसले असतील, औषधं गरम पडली असतील, होईल आपोआप, असं म्हणून विषय मिटतो. माझं म्हणणं याच्या उलट आहे. मोठ्या कुत्र्याचं हाड जुळायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. शस्त्रक्रियेच्या टेबलावर फक्त त्याची सुरुवात होते, बाकीचं सगळं घरी व्हायचं असतं. या आठवड्यांत कुत्रा किती वेळा उठतो, कसा बसतो, किती जोर करतो, काय खातो आणि दुखणं कमी करणारं औषध त्याला सोसतं की नाही, या सगळ्याची खबर रोज एकाच ठिकाणी मिळते. ते ठिकाण म्हणजे त्याची शी. तिच्याकडे पाहणं हा पायाच्या उपचाराचाच भाग आहे आणि तो तसाच मानला गेला पाहिजे.

माणसाच्या बाबतीत हे आपण केव्हाच मान्य केलं आहे. मिरजेत 1894 साली डॉ. विल्यम वान्लेस यांनी मिशनचं रुग्णालय उभं केलं. पुढे त्या गावात दवाखान्यांची रांगच लागली आणि अर्ध्या पश्चिम महाराष्ट्राची, शिवाय सीमेपलीकडच्या कर्नाटकाची माणसं मोडलेले हातपाय घेऊन मिरजेची वाट धरू लागली. हाडांच्या कुठल्याही वॉर्डात सकाळच्या फेरीला दोन प्रश्न ठरलेले असतात, झोप लागली का आणि पोट साफ झालं का. दुसरा प्रश्न शिष्टाचाराचा नसतो. भूल, वेदनाशामकं, पडून राहणं आणि बदललेलं खाणं या चारही गोष्टींनी आतड्याची चाल बदलते, हे तिथल्या सिस्टरना पक्कं ठाऊक असतं. कुत्र्याच्या बाबतीत या चारही गोष्टी जशाच्या तशा लागू होतात. फरक इतकाच की त्याला सांगता येत नाही, आणि तो वॉर्डात राहत नाही. बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी त्याला घरी पाठवतात, आणि सिस्टरचं काम घरातल्या माणसाकडे येतं. त्या माणसाला ते काम कुणी सांगितलेलंच नसतं.

सातारा-सांगलीच्या भागात हे अंतर आणखी जाणवतं. आजच्या सांगलीचा बराच भाग 1949 सालापर्यंत सातारा जिल्ह्यातच होता. त्यानंतर दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. या सगळ्या पट्ट्यासाठी पशुवैद्यकाचं मोठं शिक्षण देणारी संस्था उत्तर टोकाला आहे. खंबाटकी घाटाच्या पुण्याकडच्या बाजूला, शिरवळला, क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नावाचं पशुवैद्यक महाविद्यालय 1988 पासून चालतं. सातारा, कराड, सांगली, मिरज इथे खासगी डॉक्टर आहेत. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यांचा दिवस मात्र मुख्यतः गाई, म्हशी आणि शेळ्यांत जातो, आणि त्यात गैर काही नाही. पण जत किंवा आटपाडीच्या माणसाला कुत्र्याचा पाय दाखवायला शिरवळ गाठणं म्हणजे सबंध दिवस घालवणं. उसाचा हंगाम सुरू झाला की रात्रभर ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यावर असतात. वाडीवरचं, मळ्यातलं कुत्रं त्यांच्यापुढे किंवा एखाद्या मोटारसायकलपुढे सापडतं आणि मांडीचं हाड मोडतं. शस्त्रक्रियेसाठी लोक कसंबसं जातात. पोट बिघडलं म्हणून तेवढ्या लांब पुन्हा कुणी जात नाही. म्हणूनच पोटाचं ज्ञान घरी असायला हवं.

कुत्रा शीला बसतो ते जरा निरखून पाहावं. आधी तो जमीन हुंगत एक-दोन फेऱ्या मारतो. मग पाठीची कमान करतो, मागचे पाय पोटाखाली ओढतो, खुबा, गुडघा आणि घोटा तिन्ही दुमडतो आणि अंगाचा बराचसा भार मागे घेऊन तसाच काही क्षण तोलून धरतो. मागच्या पायात प्लेट आणि त्यावर ताजे टाके असताना यातली प्रत्येक हालचाल दुखते. तो कमान करतो, अर्धा बसतो, कळ येते, उठतो. दोन पावलं पुढे जाऊन पुन्हा प्रयत्न करतो आणि शेवटी सोडून देतो. आत थांबलेल्या मळातलं पाणी मोठं आतडं शोषत राहतं. तो सुकतो, त्याचा खडा होतो, आणि पुढच्या वेळेला बसणं आणखी दुखतं. मग कुत्रा बसायचंच टाळतो. अपघातात कमरेचं हाडही मोडलं असेल आणि ते वाकडं जुळलं, तर मार्गच अरुंद होऊन हा त्रास कायमचा मागे लागतो. म्हणून पहिल्याच भेटीत डॉक्टरांना कमरेच्या हाडाबद्दल विचारून घ्यावं.

यात एक गोष्ट समजून घेतली तर निम्मी घबराट कमी होते. भूल देण्याआधी कुत्र्याला उपाशी ठेवतात, त्यामुळे आतड्यात फारसं काही नसतं. भूल आणि अफूवर्गातली वेदनाशामकं आतड्याला सुस्त करतात. तेव्हा पहिले दोन-तीन दिवस शी झाली नाही आणि कुत्रा पाणी पितोय, थोडं खातोय, पोट मऊ आहे, तर थांबायला हरकत नाही. चौथा दिवस उजाडला, किंवा त्याआधीच तो कुंथू लागला, उलटी झाली, पोट तणावल्यासारखं लागलं, तर मात्र फोन करायचा. आणि हे कुंथणं फार फसवं असतं. मोठ्या आतड्याला सूज आली की कुत्रा पुन्हा पुन्हा बसतो, जोर करतो, आणि थेंबभर आव नाहीतर रक्ताचा टिपका पडतो. बघणाऱ्याला वाटतं बद्धकोष्ठ झालं, आणि घरात असलेलं एरंडेल तोंडात ओतलं जातं. असतात खरं तर जुलाब. त्यावर एरंडेल गेलं की रात्रभर कुत्र्याला उठबस करावी लागते. नर कुत्र्याची लघवी अडली तरी तो असाच कुंथताना दिसतो, आणि ते तर एका दिवसात जिवावर बेतू शकतं. म्हणून औषध देण्याआधी काय बाहेर पडतंय आणि कुठून, हे वाकून बघितलंच पाहिजे.

जुलाबाकडे तर अधिकच गंभीरपणे पाहायला हवं, कारण त्याचा हाडाशी थेट संबंध आहे. दिवसातून दोनदा उठणारा कुत्रा आठ-दहा वेळा उठतो, तेही घाईत. गुळगुळीत फरशीवरून पाय घसरतो, आणि जो झटका टाळण्यासाठी त्याला आठवडेच्या आठवडे बांधून ठेवायचं असतं तोच दहा वेळा बसतो. रॉड सरकतो, स्क्रू सैल होतात. मागच्या पायाची जखम शेपटीच्या जवळ असते. ती बरबटते, पट्टी ओली होते, माश्या बसतात आणि अळ्या पडायला वेळ लागत नाही. जुलाबाचं कारण बहुतेकदा औषधांच्या पिशवीतच सापडतं. प्रतिजैविकं जखमेतल्या जंतूंबरोबर आतड्यातले उपयोगी जंतूही मारतात. ते थोडंफार होणारच आणि औषधाचा क्रम मनाने तोडायचा नाही, डॉक्टरांना विचारायचं. मेलॉक्झिकॅमसारख्या वेदनाशामकाची गोष्ट वेगळी आहे. ते जेवणानंतर द्यायचं, सांगितलेल्या मापातच द्यायचं, आणि डांबरासारखी काळी, चिकट शी दिसली तर पुढचा डोस थांबवून लगेच डॉक्टरांना फोन करायचा. जठरात किंवा लहान आतड्यात रक्त झिरपत असल्याची ती खूण असते. माणसासाठी मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनच्या गोळ्या अनेक घरांत पडून असतात. जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर 2006 साली बंदी आली ती गिधाडांमुळे, पण कुत्र्याच्या जठरालाही ती गोळी जखमा करते. कुत्रा रात्री कण्हतोय म्हणून दयेपोटी दिलेली अशी एक गोळी डॉक्टरांच्या औषधावर पडली, तर सगळं काम पाण्यात जातं.

आणि मग खाणं. इथे माया सर्वांत जास्त आड येते. आपल्याकडे दुखणाईताला ताकद यावी म्हणून वाढीव खायला घालतात, आणि सांगलीसारख्या सुपीक जिल्ह्यात घालायला काय कमी? हळदीची मोठी पेठ सांगलीचीच. तेव्हा पहिल्यांदा हळद घातलेलं दूध येतं. त्यात अडचण चिमूटभर हळदीची नसून वाटीभर दुधाची आहे. पिलू दुधावरून सुटलं की दुधातली साखर पचवण्याची त्याची शक्ती घटत जाते. यावर माणदेशातला मेंढपाळ म्हणेल, आमची कुत्री पिढ्यानपिढ्या दूधभाकरीवर वाढली, त्यांना कधी काही झालं नाही. त्याचं म्हणणं खरं आहे. रोजच्या सवयीचं थोडं दूध पुष्कळ कुत्र्यांना पचतं. पण प्रतिजैविकं चालू असलेल्या आठवड्यात आतडं रोजचं राहिलेलं नसतं, आणि त्याच आठवड्यात आपण दूध दुप्पट करतो. त्याला शाळूची भाकरी सवयीची आहे ना, मग तीच चालू ठेवावी, दुधाऐवजी पातळ, बिनमिठाच्या, बिनमसाल्याच्या ताकात किंवा नुसत्या मटणाच्या पाण्यात कुस्करून द्यावी. पोट बिघडलंच तर एक-दोन दिवस मऊ भात आणि चरबी काढलेलं उकडलेलं चिकन, आणि मग हळूहळू पूर्वपदावर. शहरातून आणलेलं पाकिटातलं महागडं खाद्य याच आठवड्यात एकदम सुरू करणं हेही मायेपोटीच होतं, आणि त्यानेही जुलाब लागतात.

मायेचा दुसरा प्रकार नळीचा. हाड मोडलं तर हाड खाऊ घालावं, हा समज पक्का रुजलेला आहे. शिजवलेल्या हाडाच्या अणकुचीदार चिरफाळ्या होतात. गिळलेला चुरा आतड्यात साचून शी खडूसारखी पांढरी आणि दगडासारखी कडक होते, आणि आधीच बसायला घाबरणाऱ्या कुत्र्याच्या वाट्याला हे येतं. ज्या कुत्र्याला पूर्वीपासून फक्त भाकरी किंवा फक्त मांस मिळालं त्याला कॅल्शियमची उणीव असू शकते, विशेषतः पिलाला. पण ती किती आहे आणि कशाने भरायची हे डॉक्टरांनी ठरवायचं. कालवणाच्या रश्शातला कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, तेव्हा उरलेला रस्साही बाद.

सर्वांत जास्त धोका मात्र ज्या पदार्थाचा, त्याला या जिल्ह्यात कुणी धोका मानतच नाही. तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज या तालुक्यांत बेदाण्याची शेड नाही असा शिवार शोधावा लागेल. माणसाचं पोट साफ होत नसेल तर रात्री भिजवलेल्या मनुका सकाळी खायला देतात, आणि तो उपाय चांगला आहे. कुत्र्याला खडा होतोय म्हटल्यावर त्याच वाटीतल्या चार मनुका त्याच्यापुढे येणं अगदी स्वाभाविक. पण द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला विषारी ठरतात. अमेरिकेतल्या प्राण्यांच्या विषबाधा केंद्राने 2001 मध्ये अशा घटनांकडे लक्ष वेधलं, आणि 2021 मध्ये द्राक्षातल्या टार्टारिक आम्लावर बोट ठेवलं गेलं. तेच आम्ल चिंचेतही भरपूर असतं. एखाद्या कुत्र्याला मूठभर खाऊन काही होत नाही, तर दुसऱ्याचं मूत्रपिंड थोड्याच बेदाण्यांनी दोन-तीन दिवसांत बंद पडतं. आपला कुत्रा यातला कोणता, हे आधी कळायला मार्ग नाही. शस्त्रक्रियेनंतर त्याला मेलॉक्झिकॅम चालू असतं, आणि त्याचा ताण मूत्रपिंडावर आधीच पडलेला असतो. म्हणजे याच काळात मनुका सर्वांत वाईट. त्याऐवजी उकडून कुस्करलेला लाल भोपळा एक-दोन चमचे अन्नात मिसळावा, पाणी भरपूर पाजावं, आणि इसबगोल द्यायचं तर डॉक्टरांना माप विचारून, पुरेशा पाण्यासोबतच.

बसण्याची सोय करायला खर्च काहीच नाही. जुन्या सुती लुगड्याची वीतभर रुंद घडी मागच्या पायांच्या पुढून पोटाखालून घ्यायची आणि दोन्ही टोकं वर धरून भार उचलायचा. नर असेल तर घडी लघवीच्या जागेवर दाबली जात नाही ना, हे पाहायचं. बांधावर जायची सवय असलेलं कुत्रं सिमेंटच्या अंगणात तासन्‌तास धरून ठेवतं. त्याच्यासाठी बांधावरची माती आणि थोडं गवत घमेल्यातून आणून परसात पसरलं की काम होतं. गळ्यातला प्लास्टिकचा शंकू जमिनीला अडतो आणि हुंगता येत नाही. तेवढ्या वेळापुरता दोरी हातात धरून तो काढावा, जखम चाटू न देता, आणि लगेच परत घालावा. जेवण झालं की आतडं हलतं, म्हणून खाल्ल्यावर थोड्या वेळाने रोज त्याच वेळी, त्याच जागी न्यावं. जायच्या वाटेवर फरशीवर पोती टाकावीत.

यावर दोन आक्षेप येतात, आणि दोन्ही विचारात घेण्यासारखे आहेत. पहिला असा की निसर्ग आपलं बघून घेतो. रस्त्यावरची किती तरी कुत्री तीन पायांवर मजेत जगतात, त्यांची शी कोण तपासतं? पण आपल्याला दिसतात ती वाचलेली कुत्री. जी उसाच्या फडात किंवा पुलाखाली कुंथत मेली ती दिसत नाहीत. शिवाय एकदा आपण भूल दिली, धातू बसवला, गोळ्या सुरू केल्या आणि दोरीला बांधलं, की मग निसर्गाच्या नावावर काही ढकलता येत नाही. त्याची चाल आपण बदलली, तर बदललेल्या चालीचं आपणच बघायला हवं.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. जिथे माणसाला बेडपॅन द्यायला माणूस मिळत नाही तिथे कुत्र्याचं एवढं कशाला? साताऱ्याजवळ संगम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या काठी, छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत वाघाची चाहूल देऊन महाराजांचा जीव वाचवणाऱ्या कुत्र्याला जहागीर आणि पालखीचा मान दिल्याची हकिकत ग्रँट डफच्या 1826 च्या इतिहासातही आहे. पण मी पालखी मागत नाही. इथे मागितलेल्या गोष्टींत पैसा जवळपास नाही. रोज दोन वेळा वाकून पाहणं आहे, लुगड्याची एक घडी आहे आणि काही पदार्थ न देणं आहे. उलट दुर्लक्ष झालं की प्लेट सुटते, आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च त्याच घरावर पडतो. माणसाच्या सेवेतून यासाठी काही काढून घ्यावं लागत नाही. आणि जे कुत्रं रात्रभर मेंढ्यांची किंवा मळ्याची राखण करतं त्याच्या मालकाला हा हिशोब वेगळा समजवावा लागत नाही.

डॉक्टरांनाही एक विनंती आहे. माणसाच्या शौचाचे सात प्रकार दाखवणारा ब्रिस्टॉलचा तक्ता 1997 पासून जगभर वापरात आहे, आणि कुत्र्यासाठीही एक ते सात आकड्यांचा चित्रांचा तक्ता कितीतरी दवाखान्यांत असतो. तो मराठीत छापून औषधाच्या चिठ्ठीमागे लावावा. खाली पंधरा दिवसांचे रकाने आखावेत, तारीख, किती वेळा, कशी, काळी आहे का, उलटी झाली का. शिरवळच्या महाविद्यालयाने आणि दोन्ही जिल्ह्यांतल्या दवाखान्यांनी एवढा एक कागद सुरू केला, तर जतच्या माणसाला शिरवळ गाठावं लागणार नाही. तो फोनवर आकडा सांगेल, गरज पडली तर फोटो पाठवेल, आणि डॉक्टर तिथूनच सांगू शकतील की थांबा, की आत्ताच्या आत्ता निघा. तो कागद मिळेपर्यंत घरातल्या कॅलेंडरच्या चौकटीत पेन्सिलने लिहा, आणि टाके काढायला जाल तेव्हा ते कॅलेंडर एक्स-रेबरोबर घेऊन जा.